अर्ध्यावर थांबलेला त्रिशूळ

शिकवण्यानं पोरांचं भलं होतं, हे मला आता कुणी सांगायला येऊ नये. शिक्षक दिनाला तर मुळीच नको. त्या दिवशी मी गुलाब घेते, हसते, फोटोला उभी राहते आणि घरी आल्यावर ते फूल ओट्यावर टाकून देते. तोंड कडू झालंय माझं. का झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा माझं काही चुकतं का.

मी यवतमाळात एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यात एक विषय मी भांडून सुरू करवून घेतला होता: नाटक, देखावे, ऑर्केस्ट्रा यांना लागणारं इलेक्ट्रॉनिक्स. म्हणजे नखाएवढ्या चिपमध्ये प्रोग्राम भरायचा आणि तिच्याकडून स्टेजवरचे दिवे, मोटारी, पडदे, धूर सगळं हलवून घ्यायचं. कागदावर या विषयाला लांबलचक नाव होतं. आमचे प्राचार्य मात्र त्याला सरळ तमाशाचं इलेक्ट्रॉनिक्स म्हणायचे आणि स्टाफरूममधले बाकीचे चहा सांडेपर्यंत हसायचे. हसा म्हटलं. यवतमाळात देवीच्या नऊ दिवसांत मंडळामंडळात हलते देखावे उभे राहतात. तिकडे मारेगाव, वणीच्या पलीकडे दिवाळी झाली की होळीपर्यंत गावोगाव नाटकं रंगतात. आणि या सगळ्याचं लाइटिंग करायला माणूस कुठून आणतात, तर नागपूरहून. काखेत कळसा आन गावाला वळसा, दुसरं काय! आपल्या पोरापोरींना हे का येऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

पहिल्या तासाला मी एकच गोष्ट करायला लावायचे. एक छोटा दिवा हळूहळू उजळवायचा आणि हळूहळू विझवायचा. पोरांना वाटायचं, यात काय आहे? मग अर्धा तास झटापट व्हायची. कुणाचा दिवा धपकन लागायचा, कुणाचा फडफडायचा. मी म्हणायचे, घरातला दिवा लागला की झालं, स्टेजवरचा दिवा यावा लागतो. पाहुण्यासारखा. आधी दारात, मग ओसरीत, मग आत.

दुसरा नियम मी इतक्या वेळा सांगायचे की पोरं माझी नक्कल करायची. वीज गेली आणि आली, तर मशीननं जिथून थांबलं तिथून पुढे जायचं नाही. आधी घरी जायचं. हात वर असेल तर खाली यायचा, पडदा अर्ध्यावर असेल तर पूर्ण मिटायचा, आणि मग सगळं पहिल्यापासून सुरू. कारण वीज आल्याबरोबर मोटार अर्ध्यातूनच फिरायला लागली आणि खाली कुणाचं डोकं असलं तर? आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते काय सांगू! हा नियम पोरांच्या हाडात भिनला पाहिजे, असं मी ठरवलं होतं. आणि भिनला.

त्या वर्गात एक पोरगी होती. दारव्ह्याकडच्या एका तांड्यातली. सकाळी भरलेल्या जीपमध्ये कुठंतरी टेकून दारव्ह्याला, तिथून एसटीनं यवतमाळ. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, जीपमध्ये वऱ्हाडी, वर्गात माझ्यासारखं पुस्तकी बोलायचा प्रयत्न, आणि राग आला की तिन्ही एकदम. गरीब गाय वगैरे अजिबात नव्हती बरं. चांगली शिष्ट होती. शेजारच्या पोरानं बोर्डावर सोल्डरचा डाग दिला की वाकून बघायची आणि म्हणायची, हे काय भाऊ, डाग दिला का शेण थापलं? तिचे स्वतःचे डाग असे यायचे की मी ते बाकीच्यांना दाखवायचे आणि ती लाजल्यासारखं न करता सरळ मान वर करून उभी राहायची. मला ते आवडायचं. हुशारीला लाजायचं कशाला?

तिला काय हवं होतं ते तिनं मला पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं. लहानपणी मारेगावकडे मावशीच्या गावी तिनं नाटक पाहिलं होतं. नाटकातलं तिला काही आठवत नव्हतं. आठवत होता तो बाजूच्या कापडाआड बसलेला एक माणूस, जो लाकडी पाटीवरचे खटके दाबायचा आणि समोर पहाट व्हायची. "मॅडम, मले तिथं बसायचं हाय," ती म्हणाली होती. "नोकरी नाई पायजे मले कंपनीत न् फंपनीत. त्या कापडाआड बसायचं हाय."

बाप वाईट नव्हता. पण त्याचंही एक म्हणणं होतं. पोरगी शिकली, आता हाती काम असेल तर जाऊ दे कुठं जायचं तिथं. नसेल तर सोयाबीन निघालं की पाहुणे येतील बघायला, आणि मग नाही म्हणायचं नाही. पोरीनं हे मान्य केलं होतं. तिला वाटत होतं की काम मिळणारच. मलाही वाटत होतं.

मी तिच्यासाठी एका नाटक कंपनीच्या मालकाच्या मागं लागले. मारेगावच्या पुढचा माणूस, हंगामात गावोगाव प्रयोग करणारा, बोलायला रोखठोक. त्याचा जुना लाइटवाला डोळ्यांनी अधू झाला होता आणि त्याला नवा माणूस हवाच होता. पोरगी म्हटल्यावर तो जरा घुटमळला. मी म्हटलं, तुमच्या कंपनीत बाया नाहीत का कामाला? त्या राहतात तिथं ही राहील. तो हसला. म्हणाला, बाईमाणसाचं काही नाही मॅडम, मशीनचं सांगा. कागदावरचं मला काही कळत नाही, मी चालती मशीन पाहीन. चांगली चालली तर दिवाळीपासून पोरगी माझी.

चालती मशीन दाखवायला जागा होती. त्या वर्षी यवतमाळातल्या एका मंडळानं आपला देखावा तिच्याकडे दिला होता. देवी त्रिशूळ उचलते, रेडा फाटतो, आतून महिषासुर वर येतो, आभाळ लाल होतं, आणि त्रिशूळ खाली येतो. सगळ्या मोटारी, सगळे दिवे, मागचा आवाज, सगळं तिच्या एका बोर्डावर. बोर्ड स्टेजखाली पत्र्याच्या पेटीत होता. घटस्थापनेपासून अष्टमीपर्यंत देखावा एकदासुद्धा अडला नाही. रांगा लागायच्या. लोक मोबाइल वर धरून उभे असायचे आणि ती पोरगी खाली पेटीपाशी बसून वरच्या लोकांचे पाय बघायची. मला म्हणाली, पाय थांबले की समजते मॅडम, आवडलं म्हणून.

मालकानं यायचा दिवस ठरवला तो नवमीचा. संध्याकाळी येतो म्हणाला.

आता नवमी म्हणजे खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. आमच्या लॅबमध्येही आम्ही सोल्डरिंगच्या सळया, मीटर, सगळं टेबलावर मांडून पूजा करतो. मी देवधर्मातली बाई आहे, नास्तिक वगैरे नाही. पण लॅबमध्ये माझी ताकीद असायची. कुंकू कोरडं, चिमूटभर, आणि झाकणावर. बोर्डाला बोट लावायचं नाही. एकदा एका पोरानं विचारलं, मग देवीपर्यंत पोचेल का? मी म्हटलं, बाबा रे, जी देवी रेड्याच्या पोटातला राक्षस ओळखते तिला झाकणाखालचं दिसत नाही काय?

त्या मंडळाची आपली एक रीत होती, जुनी आणि चांगली. ज्यांनी ज्यांनी देखाव्याला हात लावला त्या सगळ्यांची हत्यारं नवमीला पुजायची, आणि ज्याचं हत्यार त्याच्या घरच्या बाईनं हळदकुंकू वाहायचं. सुताराच्या रंध्याला सुताराची बायको, रंगाऱ्याच्या ब्रशांना त्याची आई. मंडपवाल्याच्या पकडीला त्याची सून. मला ही रीत फार आवडायची, अजूनही आवडते. बाया एरवी कुठं असतात हो या सगळ्यात? तर त्या वर्षी अध्यक्षांनी पोरीच्या आईला बोलावणं धाडलं.

आई आली. बापाला सोयाबीनच्या कापणीतून सवड नव्हती, ती एकटीच जीपनं आली. नवी साडी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आणि हातात स्टीलच्या डब्यात घरचं कुंकू. मंडळाचं कुंकू चालणार नाही, म्हणाली, माझ्या घरचंच लावीन. अध्यक्षांनी माईकवरून तिचं नाव घेतलं, अमुक ताई, आमच्या देखाव्याच्या इंजिनिअर मुलीच्या मातोश्री. तिचं तोंड बघायला हवं होतं तेव्हा. आनंद म्हणावा तर तसा दिसत नव्हता, भेदरल्यासारखी झाली होती. मी तिचा हात धरून तिला पुढे नेलं.

बाकीची हत्यारं देवीपुढे पाटावर मांडली होती. पोरीची पेटी तारांमुळे हलवता येत नव्हती, तेव्हा आईला स्टेजखाली वाकून जावं लागलं. मंडळाचा एक कार्यकर्ता बॅटरी घेऊन तिला पेटीपर्यंत सोडून आला. पोरगी त्या वेळी स्टेजच्या दुसऱ्या टोकाला एक सैल झालेली तार ओढून बांधत होती. ऑक्टोबरची गरमी, वर पत्रा, म्हणून तिनं दुपारपासून पेटीचं झाकण काढून ठेवलं होतं. मी समोर खुर्च्यांपाशी मालकाची वाट बघत होते. हे सगळं मला नंतर समजलं, त्या वेळी एवढंच दिसलं की आई पूजा करून बाहेर आली, हात पुसले, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. मी चहा मागवला. तिनं बशीत ओतून प्याला.

मालक आला. मोठा माणूस येतो तसा उशिरा आणि सोबत दोघांना घेऊन. पहिल्या रांगेत बसला. मंडप खच्चून भरलेला. मी देवीला हात जोडले आणि देखावा सुरू झाला.

निवेदनाचा आवाज आला. दिवे आले, अगदी पाहुण्यासारखे, आधी दारात, मग ओसरीत. मालकानं मान डोलावली, मी पाहिलं. देवीचा हात उचलला गेला. त्रिशूळ वर, वर, अर्ध्यावर, आणि तिथं दिवे गेले. हात खाली आला. परत दिवे. परत निवेदन पहिल्यापासून. परत हात वर, अर्ध्यावर, परत अंधार, हात खाली. लोकांना आधी वाटलं, हे असंच आहे. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मागून कुणीतरी बोललं, देवीले काही समजूनच नाही राह्यलं, मारू का नको मारू. मंडपभर हसू पिकलं. लेकरं हात वरखाली करून नक्कल करायला लागली. मालकसुद्धा हसला. आणि माझ्या शेजारी आई हात जोडून बसली होती. तिला वाटत होतं देवी राक्षसाला भेडसावून राह्यली.

मी उठले आणि स्टेजखाली घुसले. माझी साडी खिळ्याला लागून फाटली, त्याचं भान मला घरी गेल्यावर आलं.

पोरीनं नुकतंच पेटीचं झाकण उचललं होतं. बोर्ड लाल होता. पाच बोटं ओल्या कुंकवाची, वरून खालपर्यंत ओढलेली. हळदीचं बोट वेगळं. वर पाणी शिंपडलेलं, आणि मधोमध चिपच्या डोक्यावर झेंडूची एक पाकळी. एवढ्या प्रेमानं कुणी कधी कुठल्या बोर्डाची पूजा केली नसेल. आणि पूजा झाल्यावर त्या बाईनं झाकण नीट बसवून ठेवलं होतं. उघडं राहू नये म्हणून. धूळ जाऊ नये म्हणून.

काय झालं ते आम्हा दोघींना एका नजरेत कळलं. ओल्या कुंकवातून थोडी थोडी वीज जाते. चिपचा एक पाय असतो, त्याला जरा धक्का लागला, अर्ध्यावर मोटारीवर जोर येतो तेवढासुद्धा, की तिला वाटतं वीज गेली आणि आली. मग ती काय करणार? घरी जाणार. हात खाली घेणार, आणि सगळं पहिल्यापासून. मी शिकवलं होतं तेच ती पुन्हा पुन्हा करत होती, बिचारी, अगदी आज्ञाधारकपणे. माझ्या सबंध नोकरीत माझं इतकं कुणी ऐकलं नाही.

पोरीनं बटण बंद केलं. ओढणीचं टोक घेतलं आणि बोर्ड पुसायला लागली. रडत नव्हती. भराभर, घासून, सगळं लाल जाईपर्यंत पुसलं, पाकळी मुठीत घेतली. तेवढ्यात मागच्या बाजूनं पडदा उचलून अध्यक्ष आले, मागे मालक, आणि मालकाच्या मागे आई. अध्यक्ष चिडलेले होते. आमची इज्जत गेली असं काहीतरी बोलत होते. काय झालं, काय झालं, एवढंच आई विचारत होती.

"प्रोग्राममंदी चूक राह्यली माही," पोरगी म्हणाली. "सकाळी मीच बदलला होता."

साफ खोटं. प्रोग्राम घटस्थापनेपासून तसाच होता, एक ओळ इकडची तिकडे नाही. मी तोंड उघडलं. तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. ओठ न हलवल्यासारखं करून ती माझ्या कानाशी बोलली.

"याडीले समजलं त ते आता कोणत्याच देवीसमोर हात नाई जोडणार. नका सांगू मॅडम."

याडी म्हणजे आई. मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, माझी सासू असती तर तिनं साक्ष दिली असती. पण त्या पोरीच्या डोळ्यांसमोर मला बोलता येईना. हे सगळं तिचं होतं, काम तिचं, चूक तिची नाही, आणि आईसुद्धा तिचीच.

मालक तसा दुष्ट नव्हता. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. खरं बोलते हे चांगलं आहे, म्हणाला. मग मला बाजूला घेतलं. म्हणाला, मॅडम, माझ्या प्रयोगात असं झालं तर पब्लिक खुर्च्या फेकते, तेव्हा मी उभं राहून काय सांगू, पोरगी खरं बोलते म्हणून? नमस्कार करून गेला. तो गेल्यावर थोड्या वेळानं, बोर्ड वाळला तेव्हा, पोरीनं बटण दाबलं. देवीनं त्रिशूळ उचलला, रेडा फाटला, आभाळ लाल झालं, एक चूक नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं पण वाजवल्या. मला म्हणाली, पाहा, झालं की नीट! मला त्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू. येऊ नये, कळतं मला. आला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी मालकाला फोन लावला. आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं, मालकाला सांगायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. सगळं सांगितलं. ओलं कुंकू, चिप, पोरीनं स्वतःवर घेतलेलं खोटं. मला वाटलं तो हळहळेल आणि म्हणेल, पाठवून द्या पोरीला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, म्हणजे पूजेनं मशीन बिघडली म्हणता? मी म्हटलं, हो, पण झाकण लावून... त्यानं मला पुढे बोलू दिलं नाही. शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमचा पडदा उघडायच्या आंधी रोज नारळ फुटते. रोज कुकू लागते, पाणी लागते, बोर्डाले बी लागते. लावणारे हात दर गावात वेगळे. मी कोणाकोणाले सांगू, झाकणावर लावा म्हणून? अशी मशीन आमच्या कायच्या कामाची?"

मी फोन आपटला. आपटून काय होणार, स्क्रीनला तडा गेला तो अजून आहे. सबंध दसरा मी त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होते. पाणी अडवणारा एक पातळ लेप दिला असता बोर्डावर, कुंकू काय आख्खी घागर ओतली असती तरी चाललं असतं. एक रुपया दोन रुपयांची गोष्ट. पोरीला द्यायला लावला असता एका दिवसात. पण हे ऐकायला समोर कुणी नव्हतं. आणि सोनं वाटायला आलेल्या शेजाऱ्यांसमोर मी हसत होते.

सोयाबीन निघालं. पाहुणे आले. पोरीनं दिलेला शब्द पाळला, नाही म्हटलं नाही. मी एकदा तांड्यात जायला निघाले होते, बापाशी बोलायला. दारव्ह्यापर्यंत गेले, जीपच्या थांब्यावरून पोरीला फोन केला, तर ती म्हणाली, मॅडम, येऊ नका, तुम्ही आलात की याडी विचारते काय झालतं त्या दिवशी, मग मले दर खेपेस नवं खोटं बोला लागते. मी तशीच एसटीत बसून परत आले. दिवाळीनंतर लग्न झालं. मालकानं नागपूरचा माणूस आणला. पुढच्या वर्षी कॉलेजनं माझा विषय काढून टाकला, पोरं निवडत नाहीत म्हणून. प्राचार्य म्हणाले, तुमच्या विषयाचा देखावा आम्ही पाहिला हो नवमीला. स्टाफरूम हसली. चहा सांडला की नाही ते मी पाहिलं नाही.

पोरीचं सासर दिग्रसकडे आहे. नवऱ्याचं फवारणी पंपांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. बॅटरीच्या पंपांचे सर्किट जळतात, ते ती मागच्या खोलीत बसून नीट करते. गिऱ्हाईक समोर नवऱ्याशी बोलतं, पंप नवऱ्याच्या हातात देतं, आणि म्हणतं, तुमच्या हाताले गुण हाय बा. दुकानाच्या पाटीवर नाव त्याचं आहे. ती सुखी आहे का? मला माहीत नाही. फोन केला की म्हणते, मजेत हाय मॅडम. आणि मी पुढे काही विचारण्याच्या आत ती फोन ठेवते.

या वर्षी मी दारव्ह्याला एका नातेवाइकाकडे गेले होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. भाजीच्या रांगेत मला ती आई दिसली, शेतातल्या वांग्यांचा नि मेथीचा ढीग मांडून बसलेली. मी नजर चुकवून जाणार होते, खरं सांगते. पण तिनं हाक मारली. बसायला पोतं दिलं. पोरीची खुशाली सांगितली, जावई चांगला आहे, दारू पीत नाही, नातू होणार आहे. मेथीच्या जुडीला दोरा गुंडाळत होती, मधेच थांबली.

"एक बोलू का मॅडम? राग नका धरू."

मी म्हटलं, बोला.

"माही पोरगी हुशार होती. त्या मशीनची पूजा मी माह्या हातानं केलती, घरच्या कुकवानं, मन लावून. देवीनं काई कमी नाई केलं. मंग तुमच्या शिकवण्यातच काई कमी राह्यलं असन ना?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं. एक शब्द पुरे होता. कुंकू म्हटलं असतं तरी तिला पुढचं आपोआप कळलं असतं, ती काही मूर्ख बाई नाही. रागानं माझे कान गरम झाले होते. इतकी वर्षं मी त्या पोरीसाठी जीव टाकला, माझा विषय गेला, स्टाफरूमची टिंगल सोसली, आणि ही मला भर बाजारात पोत्यावर बसवून विचारते, की कमी कुठं राहिलं.

"हो बाई," मी म्हटलं. "माझ्याच शिकवण्यात राहिलं."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, मोकळं वाटल्यासारखं झालं तिला. इतकी वर्षं तिला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मग तिनं माझ्या पिशवीत दोन जुड्या मेथी कोंबल्या, पैसे घेईना. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, जाऊ द्या मॅडम, माणसाच्या हातून होते चूक. आणि तिनं मला माफ केलं.